पायरी कुठे तोडायची? शहराच्या ऊर्जा-सिम्युलेशनचे तुकडे पाडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका प्रभागातल्या चारशेच्या आसपास इमारतींचं वर्षभराचं विजेचं आणि कूलिंगचं गणित मांडणारी तीन हजार ओळींची एकच पायथन स्क्रिप्ट तुमच्याकडे आहे. हवामानाची फाइल वाचण्यापासून छतावरच्या सोलरचा परतावा काढण्यापर्यंत सगळं ती एका दमात करते. वीजदराचा एक आकडा बदलला तरी सहा तास बसून राहावं लागतं. हिचे तुकडे पाडायचे तर कुठे, किती बारीक, आणि त्यासाठी एखादं वर्कफ्लो टूल, म्हणजे पायऱ्या क्रमानं आणि गरजेपुरत्याच चालवणारं साधन, घ्यावं का?

टूलचा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा, म्हणून तो शेवटी घेतो.

तुकडे पाडायला बसलं की पहिला मोह होतो तो विषयवार पाडण्याचा. हवामान एक, भूमिती दुसरी, भिंती तिसरी, एसी चौथा, खर्च पाचवा, पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणांसारखं. मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. दिसायला छान दिसतं, पण काही महिन्यांनी लक्षात येतं की एक साधा बदल करायला पाचही ठिकाणी हात घालावा लागतोय. आता मी प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारतो: हा पुन्हा चालवायची वेळ कोणामुळे येईल? वीजदर बदलतो तो वीज नियामक आयोगाच्या आदेशामुळे. इमारतीची उंची बदलते ती नव्या सर्व्हेमुळे. दुकानं किती वाजता उघडतात हे बदलतं ते बैठकीत कोणीतरी हरकत घेतली म्हणून. ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या माणसांच्या सांगण्यावरून बदलतात त्यांच्यामध्ये भिंत घाला. ज्या कायम जोडीनं बदलतात त्यांना एकाच खोलीत राहू द्या.

तुमच्याच स्क्रिप्टला हे लावून बघा. सहा तासांतले बहुतेक तास जात असणार ते प्रत्येक भिंतीवर, खिडकीवर आणि छतावर दर तासाला किती ऊन पडतं हे काढण्यात. हे ऊन इमारतीचा आकार, शेजारच्या इमारतींच्या सावल्या, पृष्ठभागांचा रंग आणि हवामान यांवर ठरतं. आत कोण राहतं, एसी चोवीसवर आहे की सव्वीसवर, युनिटला किती पैसे पडतात, याच्याशी त्या उन्हाला काही देणंघेणं नाही. म्हणजे ऊन ही एक पायरी झाली, आणि ती महिन्यातून एकदा चालली तरी पुष्कळ. तिच्यापुढची मागणीची पायरी ऊन, भिंतींचं साहित्य आणि वापराच्या वेळा घेऊन ८७६० तासांचे आकडे देते. तिला काही मिनिटं लागतील. खर्चाची पायरी त्या आकड्यांना दर लावते. तिला सेकंद लागतात. वीजदर बदलला की फक्त हीच चालवायची.

सिटी एनर्जी ॲनालिस्ट हे झुरिकच्या ईटीएचमध्ये वाढलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर याच वळणाचं आहे. ऊन, मागणी, सोलर पॅनेल, उत्सर्जन, खर्च अशी स्वतंत्र साधनं, आणि सगळी एकाच प्रकल्पाच्या फोल्डरातून वाचतात आणि तिथेच लिहितात. त्यातल्या दोन सवयी मी निर्लज्जपणे उचलल्या आहेत. पहिली, कोणती फाइल कुठे आहे हे कोडमध्ये जागोजागी चिकटवलेलं नसतं. ते सांगणारा एकच भाग असतो आणि बाकीचे त्याला विचारतात. दुसरी, रकान्याच्या नावाच्या शेवटीच एकक लिहिलेलं असतं. दुसरी सवय फालतू वाटेल, पण एनर्जीप्लस हे इमारतींच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर ऊर्जा ज्यूलमध्ये देतं आणि आपण युनिटमध्ये विचार करतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. हे रूपांतर एका पायरीत झालं आणि पुढच्या पायरीत पुन्हा झालं, की आकडे इतके हास्यास्पद येतात की चूक लगेच सापडते. खरी भीती वॅट आणि किलोवॅट यांची, कारण हजारपट चुकलेला आकडा एखाद्या छोट्या इमारतीच्या बाबतीत खपून जातो.

आता भिंत कुठे घालू नये ते. हा धडा आपल्या क्षेत्रानं एकदा गिरवलेला आहे. डीओई-२ या जुन्या सिम्युलेशन प्रोग्राममध्ये चार टप्पे एकामागून एक चालायचे: आधी खोल्यांचा भार, मग एसी यंत्रणा, मग प्लांट (चिलर-बॉयलरसारखी मध्यवर्ती यंत्रं), मग खर्च. प्रवाह एकाच दिशेनं. एसी अपुरा पडला तर खोली तापते आणि खोली तापली की भार बदलतो, पण ही बातमी मागच्या टप्प्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. २००१ साली आलेल्या एनर्जीप्लसनं खोली, यंत्रणा आणि प्लांट यांना एकाच वेळी, प्रत्येक कालटप्प्याला एकत्र सोडवायला घेतलं, ते याच दुखण्यामुळे. म्हणून माझा नियम असा: दोन भाग वर्षाच्या शेवटी एकदाच बोलत असतील तर त्यांच्यामध्ये फाइल ठेवा; दर तासाला बोलत असतील तर ती एकच पायरी आहे, तिचे आतल्या आत फंक्शन करा. मॉड्युलर करायच्या उत्साहात एसी आणि खोली वेगळी काढाल तर सॉफ्टवेअर सुबक होईल आणि मे महिन्यातल्या दुपारचे आकडे खोटे येतील.

किती बारीक, यालाही मी एक घरगुती माप लावतो. पायरीनं लिहिलेली फाइल उघडून कोणी बघणार आहे का? बघणार असेल तर ती पायरी. कोणीच उघडणार नसेल तर ते फंक्शन, त्याला फाइलचा दिमाख कशाला? चारशे इमारतींसाठी साधारण आठ-नऊ पायऱ्या होतात. एकदा एका टीमनं पस्तीस केल्या होत्या. त्यांचा सगळा वेळ पायऱ्यांमधल्या फाइली सांभाळण्यात जायचा.

ही फाइल उघडून बघण्याची गोष्ट मी सहज म्हणत नाही. आमच्याच एका जुन्या प्रकल्पात मी हवामानाच्या फाइलचं शीर्षक वाचणारं एक छोटं फंक्शन लिहिलं होतं. ईपीडब्ल्यू फाइलच्या पहिल्या ओळीत शहर, अक्षांश, रेखांश, वेळेचा पट्टा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची असते. वेळेचा पट्टा मी पूर्णांक म्हणून वाचला. बाहेर बहुतेक ठिकाणी तो पूर्ण तासांचा असतो, आपला साडेपाच. माझ्या फंक्शननं वरचा अर्धा कापून पाच ठेवला, आणि कुठेही काही अडलं नाही.

याचा परिणाम काय होतो ते नीट बघा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि पुणे ७३.८५ च्या आसपास. फरक ८.६५ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. पट्टा पाच धरला की गणित ७५ अंशांवरून होतं आणि सूर्य १२ वाजून ५ मिनिटांनीच माथ्यावर येतो. हवामानाचे आकडे खऱ्या घड्याळाचे, सूर्य मात्र अर्धा तास पुढे पळालेला. पूर्वेच्या भिंतींना थेट ऊन कमी, पश्चिमेच्या भिंतींना जास्त. वर्षाची एकूण बेरीज जवळपास तशीच राहते, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काही खटकत नाही. आमच्या अहवालात पश्चिमेकडचे छज्जे वाढवायची शिफारस जायच्या बेतात होती.

चूक पकडली ती नव्यानं लागलेल्या एका मुलीनं. मेचा मध्य होता. पुण्यात त्या दिवसांत शून्य सावलीचा दिवस येतो. ऑफिसातली मंडळी गच्चीवर जाऊन पाण्याची बाटली उभी करून बसली होती. १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास बाटलीची सावली तिच्याच बुडाखाली गेली. फोटो वगैरे झाले, सगळे जेवायला बसले. ही मात्र खाली येऊन उन्हाच्या पायरीची फाइल उघडून बसली. त्या क्षणी सूर्य माथ्यावर असेल तर कुठल्याच उभ्या भिंतीवर थेट ऊन पडायला नको. आमच्या मॉडेलमध्ये सूर्य सात अंशांनी पश्चिमेला कललेला होता आणि पश्चिमेची भिंत तापत होती. ऊन ही वेगळी पायरी नसती, तिची स्वतःची फाइल नसती, तर ती काय उघडून बघणार होती? शेवटच्या बिलाच्या आकड्यात ही चूक कधीच दिसली नसती.

तेव्हापासून शून्य सावली ही आमची कायमची चाचणी आहे. सूर्याची जागा काढणाऱ्या फंक्शनला तो दिवस आणि ते मिनिट थेट द्यायचं आणि सूर्य माथ्यावर आहे का बघायचं. जोडीला दुसरी: मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन यायलाच हवं. उत्तरेला ऊन नसतंच असं गृहीत धरलेला आयता कोड इथे लगेच उघडा पडतो. प्रत्येक पायरीसाठी अशी एक तरी चाचणी शोधा, जिचं उत्तर संगणकाशिवाय ठाऊक असतं.

वापराच्या वेळा मी हट्टानं वेगळ्या पायरीत ठेवतो, कारण सगळे वाद तिथेच होतात. बाहेरच्या देशातले आयते नमुने घेतले की किरकोळ दुकान सकाळी नऊ ते रात्री नऊ सलग चालू. इथल्या पेठांमध्ये दुपारी एक ते चार शटर खाली असतं. विनोदाचा भाग सोडा, कूलिंगच्या शिखराच्या वेळेवर त्याचा खरोखर परिणाम होतो. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, रविवारची नव्हे. घरांमध्ये एसी बेडरूममध्ये, रात्री, आणि मार्च ते जूनपर्यंतच. आयता नमुना मात्र पुण्यातल्या फ्लॅटला जानेवारीत हीटिंगही लावून मोकळा होतो. हे सगळे आकडे बैठकीत बदलणार, चार वेळा बदलणार. ते मागणीच्या कोडमध्ये पेरलेले असतील तर प्रत्येक बैठकीनंतर कोड उसवावा लागेल.

इथेच एक खाच आहे, कॅलेंडरची. आमच्याकडे हवामानाची पायरी एक जानेवारीला रविवार धरत होती आणि वेळांची पायरी सोमवार. दोन्ही आपापल्या परीनं बरोबर. एकत्र आल्यावर कारखाने भलत्याच दिवशी बंद राहायला लागले. जी गोष्ट दोन पायऱ्यांना लागते तिचा मालक एकच हवा. वर्षाची सुरुवात कोणत्या वारी, लीप वर्ष धरायचं की नाही, हे एका जागी ठरवा आणि बाकीच्यांनी ते तिथून घ्यावं. वापराच्या वेळांमध्ये यादृच्छिकता टाकणार असाल तर तिचं बीजही (ज्या आकड्यावरून यादृच्छिक आकडे तयार होतात तो) तसंच नोंदवलेलं हवं, नाहीतर तीच पायरी दोनदा चालवून दोन उत्तरं येतील आणि फरक कशामुळे पडला हे शोधत बसाल.

कोड लिहायच्या आधी प्रत्येक पायरीसाठी अर्धा पान लिहून काढा: काय वाचते, काय लिहिते, बाहेरून कोणते आकडे घेते, आणि कशाला नकार देते. शेवटचं बहुतेक जण विसरतात. इमारतीची उंची शून्य असेल तर भूमितीच्या पायरीनं तिथेच थांबून इमारतीचा क्रमांक सांगावा. क्षेत्रफळ चौरस मीटरऐवजी चौरस अंशांत आलं असेल, म्हणजे कोणी नकाशा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात न बदलताच दिला असेल, तर थांबावं. ही आडमुठी पायरी सुरुवातीला त्रास देते. नंतर तीच वाचवते.

बाहेरचे आकडे घेताना पायरीला तिच्यापुरतेच द्या. ओपनस्टुडिओ या एनर्जीप्लसवर बेतलेल्या साधनात ज्याला ‘मेझर’ म्हणतात ते छोटे प्रोग्राम आपल्याला कोणते आकडे लागतात हे स्वतःच जाहीर करतात, आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो: आधी मॉडेल बदलणारे, मग एनर्जीप्लसच्या फाइलला हात लावणारे, सिम्युलेशन झाल्यावर अहवाल काढणारे. सगळे आकडे असलेली पूर्ण कॉन्फिग फाइल सगळ्या पायऱ्यांना देऊन टाकली की वीजदर बदलल्यावर ऊनसुद्धा ‘बदललं’ असं यंत्राला वाटतं आणि तुम्ही पुन्हा सहा तासांवर येता.

माहिती भरून काढणं हीसुद्धा माझ्या मते पूर्ण पायरी आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेल्या इमारतींपैकी कित्येकांना उंचीच नसते. कुठे मजल्यांची संख्या असते, आणि ती बघून कोणी तीननं गुणतं. पण आपल्याकडे पी प्लस अकरा म्हणजे खाली मोकळं पार्किंग आणि वर अकरा मजले. पार्किंगला भिंती नाहीत, कूलिंग नाही, पण त्याच्यामुळे वरचे मजले उचलले जातात आणि सावली लांब पडते. हे अंदाज एका पायरीत करा आणि प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला आहे की अंदाजे, हे लिहा. नंतर कोणी विचारलं की ही इमारत इतकी गरम का, तर आधी तो रकाना बघायचा.

जुन्या पेठांचं आणखी एक दुखणं आहे. वाडे भिंतीला भिंत लावून उभे, पण नकाशावर रेघा हातानं ओढलेल्या, त्यामुळे दोन वाड्यांमध्ये वीतभर फट राहते. सॉफ्टवेअर इमानदारीनं त्या फटीत ऊन आणि वारा मोजतं. भूमितीच्या पायरीनंच या भिंती जोडून सामाईक ठरवायला हव्यात. तसंच प्रभागाच्या हद्दीबाहेरच्या इमारती कापून टाकू नका. त्यांची ऊर्जा मोजायची नसली तरी सावली मोजायची असते, म्हणून हद्दीबाहेर एक पट्टा ठेवा आणि त्यातल्या इमारतींना ‘फक्त सावलीसाठी’ अशी खूण करा. मागणीची पायरी एकेक इमारत सुटी करून आठ कोअरवर वाटता येते. उन्हाची पायरी शेजाऱ्यांशिवाय चालत नाही. दोघींच्या तुकड्यांचं माप वेगळं असणार, ते एकसारखं करायच्या फंदात पडू नका.

ओळखक्रमांकाबद्दल एक रडगाणं. आम्ही सुरुवातीला इमारतींना सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांची नावं दिली होती. मधल्या एका टप्प्यावर कोणीतरी ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. ५/२ ची तारीख झाली, १२/३ ची झाली, आणि पुढच्या पायरीला त्या इमारती सापडेनात. तिनं त्यांना मुकाट्यानं वगळलं. मुकाट्यानं, हेच वाईट. आता प्रत्येक इमारतीला अक्षरानं सुरू होणारं आमचं स्वतःचं नाव असतं, आणि प्रत्येक पायरी शेवटी एकच गोष्ट मोजते: आत आल्या तेवढ्याच इमारती बाहेर गेल्या का?

कधी पुन्हा चालवायचं हे ठरवताना ‘फाइल आहे म्हणजे काम झालं’ असा नियम करू नका. एका गुरुवारी दुपारी वीज गेली आणि उन्हाची फाइल अर्धी लिहून राहिली होती. वीज आल्यावर स्क्रिप्टनं ती फाइल बघितली, काम झालेलं मानलं आणि पुढे गेली. ज्या इमारतींचं ऊन त्या फाइलमध्ये नव्हतं त्यांना शून्य ऊन मिळालं. त्या इमारतींचं कूलिंग इतकं कमी आलं की क्लायंट खूश झाला. तेव्हापासून प्रत्येक पायरी आधी तात्पुरत्या नावानं लिहिते आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देते. फाइल कधीची आहे त्यावरही विसंबत नाही, कारण दुसऱ्या संगणकावर कॉपी केली की सगळ्याच फाइली आजच्या होतात. आत जाणाऱ्या फाइली, त्या पायरीचे आकडे आणि कोडची आवृत्ती यांचा मिळून एक ठसा काढतो आणि तो निकालाशेजारी ठेवतो. ठसा तोच असेल तर पायरी वगळायची.

याचा खरा फायदा अनपेक्षित ठिकाणी होतो. प्रकल्प संपता संपता एकदा मागणी आली की इको-निवास संहितेप्रमाणे (घरांसाठीचे ऊर्जाबचतीचे नियम) निवासी इमारतींचं आवरणही, म्हणजे भिंती-खिडक्या, तपासून द्या. संहितेच्या २०१८ च्या पहिल्या भागात थंड प्रदेश सोडून बाकी सगळीकडे आरईटीव्हीची, म्हणजे आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेच्या मापाची, मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट आहे. त्याला तासातासाचं ऊन लागतच नाही. भिंतींची आणि काचांची क्षेत्रफळं, दिशा आणि साहित्याचे गुणधर्म पुरतात. भूमिती आणि साहित्य यांच्या फाइली तयारच होत्या. बाजूला एक नवी पायरी जोडली, बाकी कशाला हात लावला नाही, दुपारपर्यंत काम झालं.

राहिला टूलचा प्रश्न. आठ-नऊ पायऱ्या आणि एकच माणूस चालवणारा असेल तर साधी मेकफाइल किंवा पन्नास ओळींची पायथन पुरेशी आहे. दोन-तीन माणसं, अनेक पर्याय आणि सर्व्हरवर रात्रभर चालवणं आलं की स्नेकमेकसारखं काही घ्या. पण आत्ता लगेच नको. आधी तुमच्या स्क्रिप्टमधून खर्चाचा भाग कापून काढा, मागणीची फाइल वाचून चालेल असा करा आणि जुन्या निकालाशी पैशापर्यंत जुळतो का बघा. जुळला की ऊन कापा. भूमिती सगळ्यात शेवटी, तिच्यात गुंता सगळ्यात जास्त असतो. आणि वेळेचा पट्टा वाचणारी ओळ आजच उघडून बघा.